यंत्र उशिरा उठतं म्हणून

माझ्या मुलाची तेरवी झाली, त्या दिवशी जेवणं उरकल्यावर गुरुजी ओट्यावर थांबले. गावातली अभ्यासिका तेच पाहतात.

म्हणाले, "वहिनी, आज बोलाची वेळ नाई. पण त्या दहा डब्यांतला एकही चालून नाई राह्यला. पोरायचे फॉर्म अडले. आठ दिवस पाहतो, मंग काढून टाकतो."

ते डबे माझ्या मुलाने बसवले होते. साबणाच्या डबीएवढा एकेक कॉम्प्युटर, प्रत्येक पडद्यामागे एक. तो दवाखान्यात असताना गावात लाइट गेली आणि आली, त्यानंतर ते उठलेच नाहीत. माणूस गेला आणि त्याची यंत्रंही गेली, असं बाया नळावर बोलत. मी ऐकून घेत होते. बोलणाऱ्यांचं काही खोटं नव्हतं.

माझी सून आतून आली. तीही घरूनच कॉम्प्युटरचं काम करते, दोघं एकाच टेबलावर बसत. म्हणाली, "काढू नका गुरुजी. मी बघते."

दुसऱ्या दिवशी तिने एक डबा घरी आणला. मी चौथी शिकलेली. तिने सांगितलं त्यातलं मला समजलं ते एवढंच. डब्यात सगळ्यात आधी एक छोटा प्रोग्राम जागा होतो, त्याला ती बूटलोडर म्हणते. तो नेटवर्कच्या वायरीतून अभ्यासिकेच्या कोपऱ्यातल्या मोठ्या कॉम्प्युटरला हाक मारतो आणि बाकीचं सगळं तिथून मागून घेतो. ती हाक जात नव्हती. दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशी मुलाने सगळ्या डब्यांत नखाएवढी नवीन मेमरी कार्डं घातली होती, हा प्रोग्राम त्यांतच असतो. त्याने वर्षभरात प्रोग्राममध्ये केलेले साठेक बदल त्यात होते. त्यातलाच एखादा बिघडवत होता.

पण घरी तिने डबा आपल्या कॉम्प्युटरला जोडला तर पहिल्यांदा अडला, तिला वाटलं वायर सैल असेल, मग नीट चालायला लागला. ती बटण दाबून बंद करायची, पुन्हा सुरू व्हायचा. दोन दिवस हेच. जेवायला हाक मारली की "आले" म्हणायची आणि यायची नाही.

तिसऱ्या दिवशी मला शेंगदाण्याची चटणी वाटायची होती. मिक्सरला जागा नव्हती, म्हणून मी डब्याचा प्लग काढला. चटणी झाल्यावर परत घातला. डबा उठला नाही.

"आई, काय केलंत?"

"चटणी वाटली. प्लग काढला होता."

"पूर्ण काढला होता?"

"अर्धा कसा काढतेत, बाप्पा?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने टेबलाखालच्या इन्व्हर्टरकडे बघितलं. तो मुलाने कामासाठी बसवला होता. आमच्या घरात त्या टेबलाची लाइट कधी जातच नाही. मुलगा तिथेच डबा बटणाने बंद-चालू करून बघायचा आणि झालं म्हणायचा. गावात लाइट रोज जाते, हे गावातच वाढलेला पोरगा विसरला.

त्यानंतर मीच प्लगपाशी बसले. ती आधीचे अर्धे बदल ठेवून कार्ड तयार करी. मी प्लग काढी, दहा मोजी, घाली. चाललं तर बिघाड उरलेल्या अर्ध्यात. मग त्याचंही अर्धं. विहिरीवरच्या मोटरची वायर कुठे तुटली ते आम्ही असंच शोधतो, मधोमध बल्ब लावून. तिला तसं सांगितलं तर ती त्या दिवसांत पहिल्यांदा थोडी हसली.

प्रत्येक वेळी बिघाड नंतरच्या अर्ध्यातच निघत होता.  दोन बदल उरले तेव्हा तिने हात मांडीवर ठेवले.

"सगळ्यात वरचा म्हणजे ह्यांचा. शेवटचा."

"जुनंच कार्ड घातलं तर चालते ना?"

"चालतं. पण मग ह्यांचं वर्षभराचं काम जातं."

"मंग पाहून टाक."

मी प्लग काढला, दहा मोजले, घातला. खालचा चांगला निघाला. बिघाड वरच्यातच होता.

प्रत्येक बदलाखाली तो मराठीत दोन ओळी लिहून ठेवायचा. तिने त्या मनात वाचल्या आणि कॉम्प्युटरचं झाकण लावलं.

"काऊन लावलं? वाच."

"राहू द्या, आई."

"माह्या लेकानं लिहिलं ते. वाच."

तिने वाचलं. "नेटवर्कची चिप जागी होईपर्यंत थांबायचा वेळ कमी केला. आई म्हणते, तुझं यंत्र म्हशीच्याही मागून उठतं."

मी म्हटलंच होतं. त्या दिवशी पेन्शनच्या कागदासाठी अभ्यासिकेत गेले होते, चार बायांसमोर काळ्या पडद्यापुढे बसून राहावं लागलं. घरी आले तर तो पांघरूण घेऊन पडला होता. कपाळ तापलेलं होतं, मी हात लावून बघितलं होतं. तरी टोमणा मारला. तो हसला आणि उठून टेबलाशी बसला. संध्याकाळपर्यंत कार्डं करून अभ्यासिकेत बदलून आला. तो जाताना मी चहा दिला. जाऊ नको म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला बुलढाण्याला नेलं. ताप डेंग्यूचा निघाला.

तो अर्धा दिवस पडून राहिला असता तर काही फरक पडला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

सुनेने बिघाड समजावून सांगितला. लाइट गेली की चिप पुरती गार होते आणि पहिल्यापासून उठते, तिला वेळ लागतो. बटणाने डबा बंद केला तर ती जागीच असते. म्हणून घरी कळलं नाही. अभ्यासिकेत तर बटण कोणी दाबतच नाही, लाइट आली की डबे आपले आपण उठतात. तिने थांबायचा वेळ आधी होता तेवढा केला. बाकी सगळं त्याचं तसंच ठेवलं.

मी विचारलं, "माही ती ओळ पुसता येते काय?"

"येते."

तिने ती ओळ पडद्यावर पुन्हा वाचली. मग म्हणाली, "पण ते ह्यांचं शेवटचं लिहिलेलं आहे, आई. मी नाही पुसणार."

मी चहा ठेवायला उठले.

आठव्या दिवशी आम्ही दोघी अभ्यासिकेत गेलो. तिने दहाही डब्यांत कार्डं घातली. गुरुजींनी मेन स्विच पाडला आणि थोड्या वेळाने वर केला. पडदे काळेच होते. गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "वेळ लागून राह्यला, वहिनी."

"लागू द्या," मी म्हटलं.

सून भिंतीला टेकून उभी होती. मग कोपऱ्यातला पडदा उजळला, त्यानंतर शेजारचा.