पूजेतला खटका

तर म्हणून सांगते, त्या वल्ल्या वाकळांमुळंच सगळं घडलं. हसायलीस कामून? मी सांगते तसं लिही. वाकळ म्हंजे गोधडी, ह्ये बी लिही, न्हाईतर शहरातल्या वाचणाऱ्याला कळायचं न्हाई.

कल्याणीत वीरण्णा म्हणून एक आडत्या होता. आता बसवकल्याण म्हणत्यात, तव्हा सगळे नुसतं कल्याणी म्हणायचे. मिरची, तूर, करडी, असला माल त्याच्या दुकानात यायचा. उंचापुरा गडी, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, आन् तोंड मात्र शिवून घेतल्यासारखं. गिऱ्हाइकाला भाव सांगायचा, तेवढंच त्याचं बोलणं. आधी असा न्हवता म्हणं. मोठ्या लढाईत इंग्रजाच्या पलटणीत बिनतारीवर होता, ब्रह्मदेशाकडं. टक-टक करून निरोप धाडायचं काम. तिथून आला त्यो मुका होऊनच आला. बायको निलम्मा काय विचारली तर "हूं". आई चन्नव्वा विचारली तर "हूं अव्वा". एवढाच फरक.

पण त्याचं बोट मुकं झालं न्हवतं. सिकंदराबादच्या जुन्या बाजारातून पलटणीचं भंगार आणला, पितळंचा एक खटका आणला, दाबला की टक वाजणारा, आन् घरी बसून टकटक करायची पेटी बनवला. रझाकाराच्या दिवसांत असली पेटी कोणाच्या घरात सापडली असती तर काय झालं असतं, बोलायलाच नको. म्हणून तव्हा ती कडब्याच्या गंजीत पुरलेली. पुलिस ॲक्शन झाली, राज बदललं, मंग त्येनं दिल्लीला अर्ज केला. परवाना आला. त्यात सरकारनं त्येला एक नाव बी दिलं, इंग्रजी अक्षरांचं, मधी एक आकडा. साऱ्या जगात तसलं नाव दुसऱ्या कोणाचं न्हाई. पोलिसाचा जमादार येऊन पेटी बघून गेला, च्या पिऊन गेला, कळलं त्येला काय बी न्हाई.

आता ह्यो धंदा न्हवं बरं का. छंद. देशोदेशी असली माणसं हाईत म्हणं, आपापल्या घरात पेटी घेऊन बसत्यात आन् आभाळात हाक मारत्यात. कोण हाईस, कुठं हाईस, माझं ऐकू येतंय का. एवढंच. मोठ्या लोकांच्या पेट्या कपाटाएवढ्या. वीरण्णाची पानाच्या डब्याएवढी. आत एकच काचंचा दिवा, सेलांवर चालायचा. जोर किती, तर हातातल्या बॅट्रीचा उजेड पडतो तेवढा. त्येला मोठी करताच आली नसती असं न्हाई. पण त्येचा हट्ट होता, बारक्या आवाजातच बोलायचं.

दोन वर्षं त्यो हाका मारला. एकानं बी वं दिली न्हाई. वं म्हंजे हाकेला ओ, ह्ये बी लिही.

त्येला सगळ्यांचं ऐकू यायचं. कानाला ऐकायच्या वाट्या लावून बसला की लंकेचा, मलायाचा, कुठला कुठला माणूस बोलायचा एकमेकाशी. ह्याचं कोणाला ऐकू जायचं न्हाई. म्हंजे बघ, भरल्या बाजारात उभं ऱ्हावं, सगळ्यांच्या बाता ऐकाव्या, आन् आपण हाक मारली की एकाची बी मान वळू नये.

शेजारी गुंडेरावाचं कापडाचं दुकान. त्यो रोज सकाळी तपकीर ओढत विचारायचा, "काय वीरण्णा, बोलला का कोण?"

"न्हाई."

"आमच्या म्हशीला हाक मारून बघा की. ती वळून तरी बघंल."

वीरण्णा म्हणायचा, "हूं."

पैल्या मतदानाच्या आधीचा दसरा त्यो. पाऊस सरला, भादव्याचा गडगडाट थांबला, आभाळ धुतल्यासारखं झालं. उडीद-मूग घरात आले, तुरीला फुलं लागली, करडीच्या पेरणीची गडबड. ह्याच दिवसांत कानातली खरखर कमी होती आन् लांबचं ऐकू येतं, म्हणून वीरण्णा वरीसभर ह्या हंगामाची वाट बघायचा. पण त्या साली सेलांचा जोर उतरत आलता. एक दिवस जेवताना त्यो आपणहून बोलला, "ह्ये सेल सरले की पेटी बंद. परत आणायचो न्हाई."

लढाईवरनं आल्यापासनं नवऱ्याचं तेवढं लांबलचक बोलणं निलम्मानं ऐकलं न्हवतं. दुसरी कोण असती तर बरं झालं म्हणली असती, टकटक गेली घरातली. निलम्माच्या हातातला घास तसाच ऱ्हायला. तिला वाटलं, बोट बी मुकं झालं तर ह्या माणसात बोलणारं काय ऱ्हाईल?

मंग त्या वाकळा. घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं धुवायचं, दसरा काढायचा म्हणत्यात आपल्याकडं. निलम्मा आन् गल्लीतल्या बाया तळ्यावर गेल्या, वझं वझं धुणं धुतल्या. परत येऊन बघते तर वाळत घालायला जागा न्हाई. माळवदावर वीरण्णाची तांब्याची तार ताणलेली, ह्या बांबूपासून त्या बांबूपर्यंत. त्या तारेवरनंच त्याची हाक जायची. निलम्मानं तिच्यावर टाकल्या चार वाकळा, निथळत असलेल्या. बांबू कडाड म्हणून मोडला, तार खाली, वाकळा चिखलात.

वीरण्णा दुकानातनं आला, वर बघितला. निलम्मा म्हणली, "बांबूच कुजका होता."

"हूं."

चिडला न्हाई. घराच्या मागं चिंचेचं जुनं झाड होतं, देवळाच्या शिखराला लागंल एवढं. धोतराचा काचा मारला, कमरेला तार बांधला आन् चढला स्वतः. आडत दुकानाचा मालक झाडावर, आन् खाली सगळी गल्ली. गुंडेराव म्हणला, "आता देवाशीच बोलणार दिसतो." वीरण्णानं शेंड्याजवळ तार बांधली. आता ती उंच गेली, आन् तिचा रोख बी फिरला. अष्टमीला सांजच्याला त्येनं नेहमीसारख्या हाका मारल्या. नेहमीसारखंच कोण बोललं न्हाई. पेटीतला दिवा पिवळा पडायलाय, एवढं त्येनं बघितलं आन् उठला.

दुसरे दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारं पुजायची आन् दुसरे दिवशी सोनं लुटून येईस्तोवर त्यांना हात लावायचा न्हाई. वरीसभर राबलेली असत्यात, एक दिवस निजू द्यायची. चन्नव्वानं पाटावर विळा, खुरपं, तिफणीचा फण, विळी, तराजू, सगळं मांडलं. मंग पोराकडं बघून म्हणली, "तुझं हत्यार कोणतं रं?"

"तराजू ठेवलाय की."

"त्यो तुझ्या अप्पाचा. तुझं कोणतं?"

वीरण्णानं पाटाकडं बघितलं. मंग आत गेला, फळीवरचे स्क्रू काढला आन् पितळंचा खटका आणून आईच्या हातात दिला. चन्नव्वा आजवर त्या पेटीला खेळणं म्हणायची. तिनं खटका तळहातावर तोलून बघितला. विभूती वली करून तीन बोटं वढली त्याच्यावर, कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, आन् विळ्याच्या शेजारी बसवला.

"आता उद्यापर्यंत हात लावायचा न्हाई."

"हूं अव्वा."

दिवेलागणीच्या आधी त्यो पेटीजवळ बसला. बोलायचं न्हाई, नुसतं ऐकायचं. ऐकायला कुठं खटका लागतो? निलम्मा चुलीवर पुरण हाटायली होती. तिथनं तिला त्याची पाठ दिसायची. ती पाठ एकदम ताठ झाली.

त्याच्या कानात कोणतरी त्याचं नाव घ्यायला होता. सरकारनं दिलेलं त्ये नाव. पैल्यांदा वीरण्णाला वाटलं, आपल्याच डोक्यात वाजायलंय. परत आलं. लांबनं, बारीक, पाण्याखालनं यावं तसं, पण अक्षर न् अक्षर त्याचंच. ज्या नावानं कोण कव्हा हाक मारली न्हवती.

"काय झालं?" निलम्मा पळी घेऊनच आली.

"मला बोलवायलाय."

"कोण?"

"मोंबासाचा हाय. आफ्रिकेतला. काल माझी हाक ऐकला म्हणतो. आज त्याच येळंला परत बघायलाय."

"मंग बोला की."

वीरण्णानं देवघराकडं बघितलं. निलम्माच्या ध्यानात आलं. ती तशीच सासूकडं गेली. चन्नव्वा म्हणली, "पूजेतलं हत्यार उचलायचं न्हाई. उद्या बोल म्हणावं."

"उद्या कोण बसलंय अत्या? आन् सेल बी सरलेत."

"मंग मी काय करू बाई, सण काय मी लावून दिलाय?"

निलम्मा परत नवऱ्याकडं आली. "दोन तारा नुसत्या टेकवल्या एकमेकीला, तर न्हाई का व्हायचं?"

"व्हतंय."

"मंग?"

"अव्वाला हूं म्हणलोय," त्यो म्हणला आन् वाट्या कानाला लावून तसाच बसला. डोळे मिटून, नुसतं ऐकत. ती हाक काय थांबंना.

चन्नव्वा दारात येऊन उभी ऱ्हायली. पोराचं तोंड बघितली. मंग खाली बसली आन् म्हणली, "मला दे बघू."

त्येनं एक वाटी तिच्या कानाला धरली. खरखर, खरखर, आन् त्यात बारीक शीळ, तुटक तुटक.

"ह्ये कोणतं पाखरू?"

"माणूस हाय अव्वा."

"काय म्हणायलाय?"

"माझं नाव घ्यायलाय. नुसतं नाव. परत परत."

"कव्हापर्यंत?"

"मी वं देईस्तोवर. न्हाईतर कंटाळून जाईस्तोवर."

म्हातारी बराच येळ ऐकली. तिकडं शीळ, हिकडं चुलीवर पुरणाचा बुडबुड. मंग म्हणली, "दारात उभा ऱ्हाऊन कोण नाव घेऊन बोलवायलाय, आन् सण हाय म्हणून आपण कडी लावून बसायची?"

उठली. देवापुढं गेली, हात जोडली. "तप्पायितु शिवा," म्हणली, चूक झाली, पोटात घाल. फूल बाजूला ठेवली आन् आपल्या हातानं खटका उचलून आणली. वीरण्णानं घाईनं तारा जोडल्या, दाबला. काय न्हाई. परत दाबला. काय न्हाई. त्येला वाटलं सेल गेले. निलम्मा चिमणी जवळ धरली तव्हा दिसलं. खटक्याच्या दोन टिकल्या एकमेकीला टेकायच्या असत्यात, त्यांच्या मधी विभूती वाळून घट्ट बसलेली.

चन्नव्वानं इरकलीचा पदर पुढं घेतला, टोक टिकल्यांच्या मधी घातलं आन् पुसली. "खाली सांडू नको, विभूती हाय ती." जी बोटाला लागली ती पोराच्या कपाळाला लावली. "आता बोल."

वीरण्णा बोलला. बोट हलायला लागलं. थांबला, ऐकला. त्याच्या हातावरचे केस उभे ऱ्हायले, ह्ये निलम्मा चिमणीच्या उजेडात बघितली.

"आला," त्यो म्हणला. "माझं ऐकू आलं त्येला."

पलीकडचा टॉमस म्हणून, बंदरावर कारकून होता. म्हणला, तुझा आवाज लई बारीक हाय पण सुईसारखा साफ. पेटीचा जोर किती, विचारला. वीरण्णानं सांगितला. त्यो परत विचारला. परत सांगितला. त्येला पटंचना.

"कुठं म्हणलास त्ये गाव?" चन्नव्वा विचारली.

"समुद्राच्या पल्याड."

म्हातारीनं समुद्र कव्हा बघितला न्हवता. तिची धाव हुमनाबादेपर्यंत. "तळ्याएवढा का?"

"आपलं तळं त्यात दिसायचं बी न्हाई. आगबोटीला कैक दिवस लागत्यात."

"आन् ह्ये कसं जातंय?"

वीरण्णानं वर बोट केलं. "हिथनं आभाळाला जाऊन लागतंय, तिथनं उडी मारून खाली. डोळ्याची पापणी लवायच्या आत."

चन्नव्वा माळवदाच्या झरोक्यातनं वर बघितली. त्येच आभाळ, रोजचं, सांजंचं, बगळे निघालेले. मंग म्हणली, "विचार त्येला, जेवला का."

विचारला. थोड्या येळानं वीरण्णाच्या मिशा हलल्या. "भात खाल्ला म्हणतो." मासळी खाल्ली म्हणला होता त्यो, ह्ये निलम्माला त्येनं मागनं सांगितलं. सणाच्या दिवशी आईच्या कानात मासळी कामून घालायची.

"आपल्यासारकाच हाय की मंग," चन्नव्वा म्हणली.

पेटीतला दिवा लाल व्हायला लागलता. वीरण्णानं बघितलं, येळ थोडा हाय. त्येनं भराभरा धाडलं, आज आमचा सण हाय, शेजारी आई बसलीय, तिनंच हत्यार उचलून दिलं, तिचं नाव चन्नव्वा. एकेक अक्षर, सावकाश. मंग हात काढला आन् वाटी आईच्या कानाला लावली.

शीळ आली. तुटक तुटक, दमानं.

"ह्ये काय म्हणला?"

"तुझं नाव अव्वा. बरोबर ऐकलं का म्हणून परत म्हणून दाखवायलाय."

म्हातारी वाटी दोन्ही हातांनी धरून बसली. जिचं नाव शिधापत्रिकंवर बी धड कोण लिहिलं न्हवतं, सासरी ज्या नावानं कोण बोलवत न्हवतं, त्ये समुद्र वलांडून गेलतं आन् एका परक्या माणसाच्या बोटातनं तिच्याच कानाला परत आलतं. तिनं मान हलवली न्हाई, डोळा पुसला न्हाई. जसं लिंगपूजेला बसती तशी बसली. पेटीतला दिवा विझला तरी वाटी सोडली न्हाई.

पुरण पार करपून गेलं. करपट वास घरभर झाला आन् एकानं बी निलम्माला बोल लावला न्हाई. त्या राती जेवताना वीरण्णा बोलायला लागला. त्या माणसाचं बंदर, त्याच्याआधी ऐकलेली माणसं, ब्रह्मदेशातला चिखल, तिथं मेलेला जोडीदार, सगळं. आई "हूं" म्हणत होती आन् त्यो बोलत होता. दुसरे दिवशी सोनं द्यायला गुंडेराव आला, विचारला, "काय, बोलला का कोण?" तर वीरण्णा त्येला बसवूनच घेतला. दुपार झाली तरी सोडंना. गुंडेराव उठताना म्हणला, "ह्याच्यापरीस मुका बरा होता की." दिवाळीच्या आत त्यो सोलापूरला जाऊन नवे सेल घेऊन आला. म्हातारीनंच धाडला त्येला.

मरेपर्यंत त्येनं पेटी मोठी केली न्हाई.

आता ह्ये शेवटचं नीट लिही. वीरण्णाची नात चंद्रम्मा उमरग्याला दिलीय, येशीजवळ घर हाय. मागं जत्रंत भेटली तर म्हणाली, आमचा आज्जा लई अबोल होता म्हणं, त्येला कोणाशी बोलायचंच नसायचं. तिनं आज्ज्याला बघितलेलं न्हाई, आन् जत्रंच्या गर्दीत माझं सांगायचं ऱ्हाऊन गेलं. वाचणाऱ्यात कोण उमरग्याकडं जाणारं असलं तर तिला माझा एवढा निरोप द्या. म्हणावं, तुझा आज्जा बोलायचा बाई. वं येईस्तोवर थांबला होता, एवढंच.