वरचं एक

बारावीच्या जीवशास्त्रात मला एकच गोष्ट छातीठोकपणे सांगता यायची: माणसाच्या पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रं असतात. त्याच वर्षी मला धाकटी बहीण झाली, आणि तिची निघाली सत्तेचाळीस.

डॉक्टरांनी आईला आणि मला समोर बसवून सांगितलं, "हिच्या पेशींत एक गुणसूत्र जास्त आहे." आईने सुटकेचा निःश्वास सोडला. "जास्तच हाय ना? कमी तर नाय?"

आमची मेथी-कोथिंबीर पंचवटीच्या बाजारात जायची. शंभर जुड्या मोजून झाल्या की वर दोन-चार टाकायच्याच, नाहीतर गिऱ्हाईक तोंड वाकडं करी. आईच्या लेखी वरचं म्हणजे बरकत. घरी येताच तिने शेजारणींच्या हातावर साखर ठेवली. "देवानं पोरीला वर एक घातलंय." मला तिचा भयंकर राग आला, आणि रडूही आलं.

तिला समजावण्याआधी स्वतः समजून घ्यावं म्हणून पुस्तक उघडलं, तर माझंच डोकं चक्रावलं. कांद्याची सोळा, बटाट्याची अठ्ठेचाळीस. म्हणजे बटाटा आमच्याहून दोनाने पुढे! तो मजेत वाढतो, आणि माझ्या बहिणीला एकच जास्तीचं एवढं जड का? कॉलेजातल्या सरांना विचारलं. "प्रत्येकाची संख्या ठरलेली असते. ती बदलली की बिघडतं." कोणी ठरवली, असं विचारल्यावर ते चिडले. एवढी घोकंपट्टी तर मलाही येत होती.

शेवटी आई कोथिंबिरीच्या जुड्या बांधत असताना सांगूनच टाकलं. हे वरचं बरकतीचं नाही. ती उशिरा बसेल, उशिरा चालेल, शिकणं तिला अवघड जाईल.

आईचे हात थांबले. "मंग काढता येतं का त्ये?"

"नाही. एका जागी नाहीये ते. सगळ्या अंगात आहे."

"कधीपासून?"

"तुझ्या पोटात आली तेव्हापासून."

बहीण शेजारी गोधडीवर मुठी चोखत पडली होती. आई तिच्याकडे बघत राहिली. "म्हंजे त्ये एक नसतं, तर हीच झाली असती का दुसरीच कोणी?"

मी तिच्या पुढ्यातली अर्धवट जुडी उचलून बांधायला घेतली.

आईने तिला उचलून पदराखाली घेतलं. "मंग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.