हातातली भाकरी
करंजाच्या तेलाचा वास आला की सत्तरच्या दशकातला, कडेगावजवळच्या वाडीतला आमचा गोठा आठवतो. तिथं मी खरूज झालेल्या, लंगड्या सात कुत्र्यांना तेल चोळून सांभाळायची. सासूबाई म्हणायच्या, "कुत्र्यांची मास्तरीण झाली बया!" आणि मी शहाणी त्यावरही फुगायची, कारण माणसाला न घाबरता त्याच्या हातातली भाकरी खायला मीच त्यांना शिकवलं होतं. एका सकाळी भटकी कुत्री मारणारा माणूस विषाची भाकरी घेऊन वाडीत आला. बाकीची कुत्री त्याला बघताच उसात पळाली. माझी सातही शेपट्या हलवत पुढं गेली. "आवं वैनी, लय गुणाची व्हती तुमची," तो मान खाली घालून म्हणाला, "हातातनंच घेतली." आता दारात कुत्रं आलं की मी आधी दगड उचलते, ते लांब पळालं, की मगच भाकरी ठेवते.