घंटा बांधलेला मेंढा

इंग्लंडमधल्या ससेक्सच्या शेतमजुरांनी संप केला आणि वर्तमानपत्राने त्यांच्या पुढाऱ्याला, ओबेड मेंढपाळाला, ‘बेलवेदर’ म्हटलं. तेव्हापासून तो घरात येरझाऱ्या घालत होता.

“अहो, छापून कौतुक आलंय, आणि तुमचं तोंड का एवढंसं?” बायको टॅमझिन म्हणाली.

“कौतुक डोंबलाचं! बेल म्हणजे गळ्यातली घंटा, वेदर म्हणजे खच्ची केलेला मेंढा. कळप त्याच्या मागे जातो, आणि तो माझ्या हातातल्या पावाच्या तुकड्यामागे. पार कसायाच्या दारापर्यंत!”

“मग तुम्हाला काय त्याचं?”

ओबेड पुन्हा येरझाऱ्या घालू लागला. काल मालकाने त्याला गुपचूप बोलावून मुकादमाची जागा देऊ केली होती. संप मोडायचा, एवढीच अट. त्याने अजून ‘नाही’ म्हटलं नव्हतं.

दारात मजूर जमले. “ओबेड, तू हो पुढे, आम्ही आहोत मागे!”

त्याचा हात नकळत गळ्याकडे गेला.