तांदूळवाल्या मॅडम

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि बहिणीला तर मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी फोन करून सांगते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मध्येच 'जाऊ दे गं, होतं असं' म्हणू शकत नाही. ते 'जाऊ दे' मला नको आहे.

पण आधी माझं काम सांगावं लागेल. मी प्रशिक्षणं घेते. शिक्षकांची आणि पालकांची. मूल चिडतं, चावतं, बोलत नाही, शाळेचं नाव काढलं की पोट धरून बसतं — अशा वेळी मोठ्यांनी काय करावं, ते मी सांगते. बावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, मग नोकरी सोडून हेच करायला लागले. नागपुरात आणि आसपासच्या तालुक्यांत लोक मला ओळखतात. नाव कुणाच्या लक्षात राहत नाही ते सोडा. 'त्या तांदूळवाल्या मॅडम नाही का,' असं म्हणतात. का, ते येतंच आहे.

काय वैताग असतो हो या कामात! दहाची वेळ दिली की साडेअकराला सुरुवात. मग स्वागत, शाल, नारळ, संत्रा बर्फीचा डबा, आणि ज्यांचा मुलांशी काडीचा संबंध नाही अशा कुठल्या तरी साहेबांचं भाषण. कूलर लावला तर माझा आवाज मागे पोहोचत नाही, बंद केला तर लोक वह्यांनी वारा घेत बसतात. मागच्या रांगेत शिक्षिका पेपर तपासतात. तर्री पोह्यांचा वास आला की अर्धं सभागृह रिकामं. आणि पालक? पालक तर मुलाला माझ्यासमोर आणून उभं करतात, बिघडलेला मिक्सर दुकानात द्यावा तसं. 'मॅडम, हा ऐकतच नाही, आता तुम्हीच पाहा.' मी काय पाहू? तुम्ही त्याच्याशी शेवटचं धड कधी बोललात, असं विचारलं की नेमका त्यांचा मोबाइल वाजतो.

पाहिलंत? लागले मी लोकांवर चिडायला. ही माझी जुनी खोड आहे. बोलणं माझ्यावर यायला लागलं की मला दुसऱ्यांचा राग येतो.

तर तांदूळ.

सत्र निम्मं झालं, लोक पेंगायला लागले, की मी पिशवीतून स्टीलचं ताट काढते. त्यात अर्धा किलो तांदूळ ओतते. पदर खोचते आणि सगळ्यांसमोर फरशीवर मांडी घालून बसते. लगेच सगळे जागे. मग मी खडे निवडत निवडत प्रणालीची गोष्ट सांगते.

प्रणाली माझ्या दुसरीच्या वर्गात होती. काटोलकडच्या एका खेड्यातली. आई धंतोलीच्या दवाखान्यात भरती, म्हणून पोरीला नागपुरात मामाकडे ठेवलेलं आणि घरी बसून काय करेल म्हणून आमच्या शाळेत बसवलेलं. ती वर्गात आली की सरळ शेवटच्या बाकाखाली जायची. बोलवलं तर येत नाही, हात लावला तर चावते. मग एक दिवस बाई तिच्याजवळ जाऊन जमिनीवर बसल्या. मांडीवर शाळेच्या खिचडीच्या तांदळाचं ताट. पोरीकडे बघायचं नाही, काही विचारायचं नाही, नुसते खडे निवडायचे. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी बाकाखालून एक हात आला, त्यानं ताटातला एक खडा उचलला आणि बाजूला ठेवला. दहाव्या दिवशी पोरगी बाहेर. आणि खडे निवडता निवडता तिनं विचारलं, 'माही आई मेली काय?'

तिची आई जिवंत होती. पण तसं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मोठी माणसं तिच्यासमोर कुजबुजायची, आणि तिनं आपल्या परीनं अर्थ लावला होता.

इथे रुमाल निघतात. दर वेळी निघतात. भाषणवाले साहेबसुद्धा चष्मा काढून पुसतात.

गोष्ट खरी आहे. ताट खरं, खडा खरा, पोरीचा प्रश्न खरा. फक्त जमिनीवर बसलेली बाई — ती मी नव्हते.

हे एवढंसं वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

बसल्या होत्या वच्छलाबाई. आमच्या शाळेत झाडझूड करायच्या, पाणी भरायच्या, खिचडीच्या स्वयंपाकाला हात लावायच्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. पगाराच्या दिवशी अंगठा लावायच्या आणि शाई पदराला पुसायच्या. मी कुठे होते मग त्या दहा दिवसांत? फळ्यापाशी. बाकीच्या सत्तेचाळीस पोरांचे पाढे घेत होते. आणि चिडत होते! स्वयंपाकघरातलं काम वर्गात आणलं म्हणून, पोरं माना वळवून मागे बघतात म्हणून. प्रणाली बाहेर येऊन त्यांच्या गुडघ्याला टेकून बसायला लागली, तेव्हा मला आनंद झाला काय? मी मुख्याध्यापकांकडे गेले. म्हणाले, ही बाई माझ्या वर्गात बसून तांदूळ निवडते, शिस्त राहत नाही. दुसऱ्या दिवसापासून वच्छलाबाईंना संडासाची सफाई आणि फाटकावरची खुर्ची मिळाली. प्रणाली खिडकीतून फाटकाकडे बघत बसायची. आठवडाभरात तिच्या आईला दवाखान्यातून सोडलं आणि मायलेकी गावी गेल्या. मला हायसं वाटलं. हो, हायसंच वाटलं.

मग ती गोष्ट माझी कशी झाली? मी स्वतःला सांगत आले की सुरुवातीला मी 'आमच्या शाळेतल्या एक मावशी' असंच म्हणत होते आणि नंतर सांगता सांगता कधीतरी ते बदललं. खोटं आहे. पहिल्याच वेळी मी 'मी' म्हटलं. नागपुरातच, सदर भागातल्या एका कार्यालयात या कामासाठी मुलाखत होती. समोरच्या बाईंनी विचारलं, तुमचा स्वतःचा एखादा अनुभव सांगा — मुलाजवळ जाऊन, त्याच्या कलानं घेतल्याचा. बावीस वर्षांची नोकरी माझी. मी आठवून बघितलं. एक नव्हता हो! एकाही मुलाजवळ मी खाली बसले नव्हते. मग जे डोळ्यांसमोर होतं ते सांगितलं, माझं म्हणून.

तुम्ही म्हणाल, त्यात कुणाचं काय बिघडलं? चांगलीच गोष्ट लोकांपर्यंत गेली ना? मीही हेच म्हणत होते. मग एकदा एक नवी शिक्षिका मला जिन्यात गाठून रडायला लागली. तिनं माझं ऐकून तसंच केलं होतं. ताट घेऊन एका मुलाजवळ खाली बसली. मागे वर्गात गोंधळ, दोन पोरं बाकावरून पडली, मुख्याध्यापकांनी सगळ्यांदेखत झापलं. "मॅडम, तुम्हाले जमलं, मले काहून नाही जमत? माझ्यातच काही कमी आहे काय?"

मला उत्तर माहीत होतं. माझ्या वर्गात त्या दिवसांत दोन मोठी माणसं होती. एक खाली बसायला आणि एक फळ्यापाशी. एकटीला ते कधीच जमलं नसतं, कुणालाच जमलं नसतं. शाळेला आणखी एक माणूस द्या, असं मी प्रत्येक साहेबाला ओरडून सांगायला हवं होतं. पण ते सांगायचं तर दुसरं माणूस कोण होतं, हेही सांगावं लागलं असतं. आणि त्या माणसाला वर्गातून कुणी घालवलं, तेही. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, थोडा संयम ठेवा. ती 'हो मॅडम' म्हणाली. किती संताप येतो मला त्या आवाजाचा, माझ्या त्या मऊ, समजूतदार आवाजाचा!

आणि तरी मी गोष्ट सांगत राहिले.

मागच्या उन्हाळ्यात, सुट्ट्या लागायच्या आधी, एका शाळेत शिक्षक आणि पालक असं एकत्र सत्र होतं. मी खाली बसले, ताट मांडीवर, गोष्ट झाली, रुमाल झाले. तेवढ्यात एक तरुण शिक्षक उठून उभा राहिला. "मॅडम, ऐकायले लय चांगलं वाटते. पण माझ्या वर्गात पन्नास पोरं आहेत. तुम्ही त्या एकीपाशी बसून राहिल्या होत्या, तेव्हा बाकीचे काय करून राहिले होते?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी तांदळातून बोटं फिरवत राहिले. आणि पालकांच्या बाजूनं, तिसऱ्या रांगेतून, एक म्हातारी बाई उठली. मांडीवरचं नातवाचं दप्तर तिनं शेजारणीकडे दिलं. ती बोलेपर्यंत मी तिला ओळखलं नाही.

"मी होती ना सर तिथं," वच्छलाबाई म्हणाल्या. "बाई खाली बसल्या होत्या, अन् बाकीच्या पोरायचे पाढे मी घेत होती."

कुणीतरी हसून विचारलं, "मावशी, तुम्हाले पाढे येते काय?"

"दोनाचा येते. तोच घेत होती रोज."

सगळं सभागृह हसलं. टाळ्या पडल्या. तो तरुण शिक्षकही हसला आणि वहीत काहीतरी लिहीत खाली बसला. तुम्हाला काय वाटतं, मी काय केलं असेल? अजून वेळ होती. तिथल्या तिथे ताट त्यांच्या हातात देऊन दोन वाक्यं बोलायची होती. मी हात जोडले आणि म्हणाले, 'अशी माणसं सोबत असली की सगळं जमतं.' पुन्हा टाळ्या.

नंतर फाटकापाशी वच्छलाबाई नातवाला पाणी पाजत उभ्या होत्या. मी गेले. माफी मागायला गेले होते, असं म्हणता येईल, पण खरं तर त्या कुणाला काही बोलतील काय, हे बघायला गेले होते. त्यांनीच विषय काढला. "खोटं बोलली मी, बाई. पण नाही म्हटलं असतं त त्या सराले सारंच खोटं वाटलं असतं. पोरगी बाहेर त आली होती ना."

मग त्यांनी आवाज खाली आणला. "तिच्या भिवईवरचा वण गेला असंल काय हो आता?"

मला वाटलं होतं, हे मी कुणाला, अगदी तुम्हालाही, न सांगता निभेल.

प्रणाली आल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी तिला दंडाला धरून बाकाखालून ओढलं होतं. जोरात. रागानं. बाकाचा लोखंडी कोपरा तिच्या भिवईत घुसला. रक्त आलं. संध्याकाळी मामा आला, तेव्हा मी म्हणाले, पळताना पडली, फार पळते हो ती. जखमेवर हळद दाबून धरली होती वच्छलाबाईंनी. त्या दारात झाडू घेऊन उभ्या होत्या, त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्या मामाला काही बोलल्या नाहीत, मलाही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तांदळाचं ताट घेऊन माझ्या वर्गात आल्या.

त्या कुठे बसायच्या, ते मला नीट आठवतं. शेवटच्या बाकाच्या आणि माझ्या मधोमध, फळ्याकडे तोंड करून. पोरीला पुन्हा हात लावायचा तर मला त्यांना ओलांडून जावं लागलं असतं. मी लोकांना शिकवते, मुलाची भीती जावी म्हणून शांतपणे जवळ बसा. कशाची भीती होती तिला? आई मेली असेल याची होती. आणि माझी होती.

"गेला असेल," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली, नातवाचा हात धरला आणि रस्ता ओलांडून गेल्या. त्यांचा पत्ता मी विचारला नाही.

गेल्या शनिवारी धरमपेठेत सत्र होतं. अकरा वाजून गेल्यावर सुरू झालं. मी ताट काढलं, तांदूळ ओतले, खाली बसले आणि गोष्ट सांगितली. 'बाकीच्यांचे पाढे आमच्या मावशी घ्यायच्या, दोनाचा, तेवढाच यायचा त्यांना,' हे वाक्य आता मी त्यात घातलं आहे. लोक तिथे हसतात.