संधिवाताच्या डॉक्टरकडे तोंड बांधून

एकाच बाकावर वर्षानुवर्षं बसलं की किस्से साचतातच. आमचा बाक अकोल्यातला, संधिवाताच्या दवाखान्यातला.

मी तिथं अंजनगावाहून चोरून जाते. अमरावतीत निम्मे नातेवाईक, म्हणून अकोला. पोरीचं लग्न जमतंय. आईला संधिवात म्हणजे उद्या पोरीलाही, असं कुणी म्हणालं की संपलं. स्वतःच्या दुखण्याची अशी लाज वाटावी, याचीही लाज वाटते.

डॉक्टरांनी एकदा समजावलं, "तुमची प्रतिकारशक्तीच उलटली आहे. ती सांध्यांवर तुटून पडते आणि हाडं खाणाऱ्या पेशींना चिथावते." माझ्या शेजारी दर्यापूरच्या शांताबाई होत्या. त्यांचा चेहरा पडला. त्या इम्युनिटी वाढावी म्हणून रोज गुळवेलीचा काढा घेत होत्या. म्हणाल्या, "म्हंजे मी चोरालेच दूध पाजून राहिली होती!"

मी तरी कुठं शहाणी? शेजारणीनं दिलेल्या बिननावाच्या गोळ्या खाल्ल्या. दुखणं पळालं, गाल भरले. एका लग्नात जो तो म्हणे, "तब्येत काय सुधारली!" मी मिरवले, फोटो काढले. डॉक्टरांनी गोळी पाहून कपाळाला हात लावला. ते स्टिरॉइड होतं. गाल भरत होते तेव्हा हाडं पोकळ होत होती. तो फोटो अजून बैठकीत लटकतोय, काढायचा तर कारण काय सांगू?

मग बादली उचलताना मनगट मोडलं. घरी सांगितलं, बाथरूममध्ये घसरले. बाकावर विचारलं तर प्रत्येकीनं घरी हेच सांगितलेलं. शांताबाई म्हणाल्या, "काहून वो, साऱ्यायचेच बाथरूम एवढे निसरडे कसे?"

आणि हा गेल्या शनिवारचा. ऊन इतकं की साऱ्याजणी तोंडाला स्कार्फ बांधून बसलेल्या. शेजारच्या बाईनं पाणी प्यायला स्कार्फ खाली केला, तर माझी होणारी विहीण! अमरावतीची. मी माझा स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढला.

ती कानाशी आली. "बाई, तुमी अमरावतीच्या त नाई ना?"

मी मान हलवली.

"बरं झालं. तिकडं दाखवलं असतं त बोभाटा झाला असता. पोराचं लगन जमून राहिलं. पोरीची माय पाह्यली मी, कशी ठणठणीत हाय. तिले समजलं त देईन का ते पोरगी आमच्या घरी?"

तेवढ्यात कंपाउंडरनं माझं नाव पुकारलं, आडनावासकट. मी बसून राहिले. त्यानं पुन्हा पुकारलं, या वेळी गावासकट.