आखाजीची जीप

नवापूरच्या स्टँडवर आईने माझ्या ट्रंकेवर हात ठेवला होता आणि कंडक्टरने घंटी मारली तरी ती काढत नव्हती. "परमुलखमा आपला मानूस सोडानं नही," एवढंच ती म्हणाली. माझं लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. आमच्या ह्यांना सिल्वासाला सुताच्या कंपनीत नोकरी लागली होती. माहेरच्या मुलींनो, तुम्ही मला नेहमी विचारता की तिकडे तुझं कोण होतं. नाना होता.

सिल्वासाजवळ डोकमर्डीत आम्ही खोली घेतली. तिथे तिला ओरडी म्हणत, आणि मला शेजारणी बेन म्हणत. नाना आमच्याच खानदेशातला, वयाने ह्यांच्याहून थोडा मोठा. कंपनीत हमाल म्हणून आला, मग ड्रायव्हर झाला, आणि आम्ही पोचलो तोवर लोक त्याला नानाशेठ म्हणायला लागले होते. सिल्वासात दारूची दुकानं उघडी आणि हद्द ओलांडली की गुजरातची दारूबंदी, तेव्हा शेठ कशाचा हे कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. ह्यांना कायम करून घेतलं ते त्याच्या शब्दावर. बदल्यात सुट्टीच्या दिवशी हे त्याच्या गोडाऊनवर पेट्या चढवायला जात. कशाच्या पेट्या ते मी विचारलं नाही, ह्यांनी सांगितलं नाही. संसार सुरळीत चालला होता.

आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणीला न्यायला भाऊ येतो, मुराळी होऊन. मला भाऊ नाही, हे तुम्ही जाणताच. पहिल्या आखाजीला मी ओट्यावर डोळे पुसत बसले होते तर नाना जीप घेऊन दारात उभा. म्हणाला, "चाल बहीण, तुले लेवाले ऊनू." त्या दिवशी मी जितकी हरखले तितकी लग्नातही हरखले नव्हते.

मग दरवर्षी तो येई. वापी, बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर. नाक्यावर पोलीस वाकून बघत, आत हिरवा चुडा भरलेली माहेरवाशीण आणि आंब्यांची टोपली दिसली की हसून हात हलवत. व्याऱ्याला नाना मला ओळखीच्या घरी चहाला बसवी आणि जीप घेऊन हवा भरायला जाई. त्याला बराच वेळ लागे. तिथून पुढे मात्र जीप अशी उसळायची की हाडं खिळखिळी व्हायची. घरी पोचल्यावर मी वडिलांना ऐकवत असे, गुजरातचे रस्ते बघा, व्याऱ्यापर्यंत पोटातलं पाणी हलत नाही. वडील चिडत. नाना खाली मान घालून मांडे आमरसात बुडवून खाई आणि आईला म्हणे, अजून वाढ.

नव्वद साल उलटल्यावर त्याचे तीन ट्रक झाले, गळ्यात साखळी आली, मागेपुढे माणसं आली. आणि एका नाक्यावर त्याचा ट्रक थांबला नाही. एक शिपाई चाकाखाली गेला. नानाला नेलं ते गावाने पाहिलं. तो परत आला ते मात्र कोणी पाहिलं नाही. एका सकाळी तो आपल्या ओट्यावर दात घासत होता. गळ्यात साखळी नव्हती. त्यानंतर त्याची माणसं उचलली जाऊ लागली. आधी दोन ड्रायव्हर, मग गोडाऊनवाला, मग पेट्या चढवणारे. नळावर बायका एवढंच बोलत, नाना फुटला. त्याच्या ओट्यासमोरून लोक जाईनासे झाले. हे कंपनीतून आले की मी लगेच कडी लावत असे, आणि रस्त्यावर गाडी थांबली की आम्ही दोघंही जेवता जेवता घास हातात धरून थांबायचो.

अशाच एका सुट्टीच्या दुपारी कडी वाजली. नाना होता.

"चाल बहीण. तुले लेवाले ऊनू."

"आखाजी तं आजून लांब शे, नाना."

"यंदा आजच चाल. दाजीलेबी संगे ले."

तो माझ्याकडे बघत नव्हता. हे शर्ट घालायला उठले.

वापीच्या रस्त्याला लागलो आणि पहिल्याच खड्ड्याला मी सीटवरून उडाले. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. दरवर्षीचाच रस्ता होता. जीप रिकामी होती, तिला दाबून धरणारं वजनच नव्हतं. इतकी वर्षं माझ्या सीटखाली काय भरलेलं होतं, नाक्यावर मला का बसवलेलं होतं, हे मला त्या खड्ड्यांनी सांगितलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी डोळे मिटून घेतले. त्या पेट्या ह्यांनीच चढवल्या होत्या.

व्याऱ्याला जीप थांबली नाही. नवापूरच्या नाक्यावर त्याने आम्हाला उतरवलं. मला त्याचा राग आला होता, तरी तोंडातून निघालं ते हेच, की मुराळी उपाशी जास का कधी?

"मना नावनं ताट वाढू नको आते," तो म्हणाला, आणि जीप वळवली.

त्याच संध्याकाळी पोलीस आमच्या ओरडीवर आले होते, ह्यांचं पूर्ण नाव घेऊन. शेजारणीने निरोप धाडला. ते नाव नानाशिवाय कोणी देऊच शकत नव्हतं. दिलं त्यानेच, आणि पोलिसांच्या आधी दारातही तोच आला. आठवड्याने त्याची जीप खानवेलच्या रस्त्याला, सागाच्या जंगलात सापडली. तो आत होता. कोणी मारलं, हे आजही कोणी सांगत नाही. ह्यांच्यावरची केस पुढे टिकली नाही, कारण बोलणारा साक्षीदारच उरला नव्हता. म्हणजे आम्ही सिल्वासाला परतलो, घर बांधलं, मुलं शिकवली, ते त्याच्या मरणावर. मला त्याचा संताप येतो, आणि आखाजी आली की त्याच्यासाठीच रडू येतं.

आता रस्ते चांगले झाले आहेत. मुलगा मला गाडीतून माहेरी आणतो आणि विचारतो, आई, तू असं दांडा धरून का बसतेस? मी खड्ड्याची वाट बघत असते. गाडी एकदा उसळली, की खाली काही नाही याची खात्री पटते. मग मी दांडा सोडते, आणि मला माहेरी निघाल्यासारखं वाटतं.